जुलैचं पान

२००९ च्या कॅलेंडरची अकरा पानं तयार होती. जुलैसाठी फोटो मिळत नव्हता.

कॅलेंडर ‘भूमिजा खते’ या कंपनीचं होतं. काम नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका जाहिरातीच्या ऑफिसकडे आलं होतं. मेडिकलच्या दुकानावर दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर, मालक वाल्मीक अहेर. मांडणीचं सगळं काम तृप्ती देवरे करायची. आदल्या वर्षी तिने नेटवरून उचललेला एक द्राक्षांचा फोटो बागायतदारांच्या पत्रकावर छापला होता आणि तीन महिन्यांनी मुंबईच्या वकिलाची नोटीस आली होती. तेव्हापासून वाल्मीकने नियम केला होता.

“फोटो फुकट पाहिजे आणि कायदेशीर पाहिजे. दोन्ही. कसं ते तू बघ.”

तृप्तीने बघितलं. ज्यांनी आपले फोटो सगळ्यांना वापरायला मोकळे सोडले आहेत, तेवढेच शोधून देणारं एक पान नेटवर होतं. वरच्या चौकटीत शब्द टाकायचा. खाली दोन खुणा करायच्या असत. पहिली, व्यापारासाठी वापर चालेल. दुसरी, बदल केले तरी चालेल. दोन्ही खुणा केल्या की यादी आखूड व्हायची. पण जे उरायचं ते बिनधास्त वापरता येई. काढणाऱ्याचं नाव कुठेतरी छापायचं, एवढीच अट.

जुलैसाठी भाताचं शेत हवं होतं. यादीत बहुतेक फोटो व्हिएतनामचे होते, टोकदार टोप्या घातलेल्या बायकांचे. तिसऱ्या पानावर एक वेगळा होता. गुडघाभर चिखल, हातात रोपांची जुडी, वाकलेली बाई कॅमेऱ्याकडे मान वळवून बघते आहे. खाली इंग्रजीत लिहिलं होतं : शेतकरी स्त्री, सुरगाणा, भारत. वर तारीख होती, १४ जुलै २००७.

“आपल्याच जिल्ह्यातली निघाली की!” वाल्मीक म्हणाला. “नेटवर सुरगाणा. कमाल आहे. तिथे अजून धड फोन लागत नाही.”

कंपनीतर्फे कॅलेंडरचं काम बघणाऱ्या अमितला फोटो आवडला; पातळ आवडलं नाही. ते निळं होतं. दुसऱ्या एका खताच्या गोण्या निळ्या असायच्या.

“हिरवं करून टाका ना मॅडम,” तो फोनवर म्हणाला. “आपला रंग हिरवा.”

तृप्तीने पातळ हिरवं केलं. चहा येईपर्यंत झालं. फोटो टाकणाऱ्याचं टोपणनाव तिने शेवटच्या पानामागे बारीक अक्षरांत घातलं आणि काम छपाईला गेलं. सहा हजार प्रती निघाल्या. डिसेंबरात त्या खताच्या दुकानांतून वाटल्या गेल्या.

१२ जानेवारीला, सोमवारी, साडेदहाच्या सुमारास एक माणूस जिना चढून वर आला. पन्नाशीचा असावा किंवा चाळिशीचा. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलेला. त्याच्या हातात प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली सुरळी होती. दारात चपला काढून तो आत आला, टेबलावर सुरळी उलगडली आणि जुलैचं पान काढलं.

“ही बाई कुठं हाय?”

वाल्मीकला वाटलं, कॅलेंडर मागायला आला आहे. “बाबा, कॅलेंडरं दुकानात मिळतात. आम्ही फक्त तयार करतो.”

“कॅलेंडर हाय माझ्याकडं. ही बाई कुठं हाय, ते विचारतो.”

“अहो, फोटोतली बाई ती. आम्हाला काय माहीत?”

“ही माझी बायको हाय साहेब. कुसाबाई. मी बहिरू भोये.”

वाल्मीकने तृप्तीकडे पाहिलं. तृप्तीने खुर्ची पुढे केली. तो आधी नको म्हणाला, मग बसला आणि सगळं ओळीने सांगू लागला. अनेकदा सांगून झालेली हकीकत होती. कुठे थांबायचं ते त्याला पाठ होतं.

गाव सुरगाण्याच्या पुढे, जीपने पाऊण तास. भात आणि नागली. कापणी झाली की माणसं खाली द्राक्षांच्या कामाला येत. २००५ च्या दिवाळीनंतर कुसाबाई अकरा जणांच्या टोळीबरोबर पिंपळगावकडे आली. बहिरू त्या वर्षी आला नाही, खांदा निखळला होता. फेब्रुवारीत टोळी परतली तेव्हा दहाच माणसं होती. मुकादम रावजी म्हणाला, ती चांदवडच्या बायकांबरोबर कांद्याच्या कामाला दुसऱ्या टेम्पोत बसली. चांदवडला कुणी तिला पाहिलं नव्हतं.

“पोलिसात गेलो. हवालदार म्हणला, फोटो द्या. फोटो नव्हता. मतदानाच्या कार्डाचा फोटो काढत व्हते तवा ती मजुरीला गेलेली. मग त्यांनी लिहून घेतलं. रंग सावळा, उंची मध्यम, नाकात चमकी. म्हणला, अशा तर तालुक्यात दहा हजार निघतील.”

“आणि हे कॅलेंडर?”

“संतोषशेठच्या दुकानात. पोरगी माझी, निकिता, नववीला हाय. आखाजीचा सण कधी हाय ते बघाया पानं उलटत व्हती. पुढंच गेली नि गप्प झाली. मला वाटलं, काय चावलं का काय.” त्याने पानाची खालची कड दाखवली. “शेठनं खालचं नाव वाचून दिलं. इंदिरानगर, नाशिक.”

“तुम्हाला खात्री आहे? फोटोत चेहरा फसवतो कधी कधी,” वाल्मीक म्हणाला.

“बायकोचं तोंड हाय साहेब. पण एक हाय.” त्याने पानावर बोट ठेवलं. “हे पातळ माझ्या घरातलं नाय. तिच्याकडं तीन पातळं व्हती. तिन्ही मला ठावं हायेत. हिरवं नव्हतं.”

“मग?”

“मग दुसऱ्यानं घेऊन दिलं असंल. त्याच्याकडं राहत असंल.” आवाज तसाच होता. “राहू दे. मी काय भांडाया नाय आलो. जिती हाय ना? पोरीला एकदा भेटली तरी बास.”

तृप्तीला निळा रंग आठवला. सांगावं असं तिच्या मनात आलं. पण तोपर्यंत तिने फोटोचं पान उघडलं होतं आणि वरची तारीख समोर होती. तारखेपुढे पातळाच्या रंगाने काही फरक पडत नव्हता. माणूस उगाच गोंधळला असता. ती तारखेचंच बोलली.

“काका, हा फोटो जुलै २००७ चा आहे.”

बहिरूने बोटांवर मोजलं. पेऱ्यांवर अंगठा दोनदा फिरवला.

“म्हंजे ती गेल्यावरचा.”

“हो.”

“दीड वरीस झाल्यावरचा.”

“हो. इथे लिहिलंय.”

“काढला कुणी?”

टाकणाऱ्याचं टोपणनाव होतं आणि देश पोलंड होता. तृप्तीने सांगितलं.

“ते कुठं आलं?”

“परदेशात.”

“तिथला माणूस आमच्याकडं आला?”

“हल्ली येतात,” वाल्मीक म्हणाला. “डोंगर चढायला, पाऊस बघायला. बघून जातात.”

बहिरूने मान हलवली. त्याला ते पटलं. तिघांनाही पटलं.

जाता जाता त्याने आणखी एक सांगितलं. तिचे दिवस घालायचं ठरलं होतं. भाऊ मंगळू मागे लागला होता की तीन वर्षं झाली, आता वाट बघणं बरं नाही, घराला ते चांगलं नाही. तारीखही धरली होती. निकिताने पान उलटलं आणि बहिरूने ते थांबवलं. मंगळू चिडला होता, म्हणाला, कागद बघून माणूस जिता होतो का?

“आता त्याला सांगतो, तारीख हाय म्हणून,” बहिरू म्हणाला.

त्याला तोंडाचे मोठे फोटो हवे होते, लोकांना दाखवायला. तृप्ती म्हणाली, पुढच्या सोमवारी या, दहा प्रती काढून ठेवते. तो कॅलेंडर गुंडाळून थेट चांदवडच्या बसला गेला.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तृप्तीने मोठ्या प्रतींसाठी फोटोचं पान पुन्हा उघडलं. छपाईला लागणारी सगळ्यात मोठी फाइल पानाच्या तळाशी असते. कॅलेंडरच्या वेळी मधल्या आकारावर भागलं होतं, त्यामुळे ती तिथपर्यंत कधी गेली नव्हती. तळाशी एक ओळ होती : मूळ छायाचित्रातून कापून, उजळ करून घेतलेला भाग. ओळ पहिल्यापासून तिथेच होती. मूळ फोटोचा दुवाही होता.

तिने तो उघडला.

मूळ फोटो पुण्याच्या एका डॉक्टरने काढला होता. आरोग्याच्या पाहणीसाठी तो महिनाभर सुरगाणा तालुक्यात फिरला होता. त्यानेही फोटो मोकळा सोडला होता. पोलंडच्या माणसाने त्यातली एक बाई कापून घेतली होती आणि नव्या नावाने टाकली होती, १४ जुलै २००७ रोजी. मूळ फोटो खूप रुंद होता. चार बायका ओळीने वाकलेल्या, कुसाबाई शेवटची, निळ्या पातळात. मागे डोंगराची धार. बायकांच्या आणि डोंगराच्या मध्ये एक माणूस बैलजोडी घेऊन चिखल करत होता.

खाली कॅमेऱ्याने नोंदवलेली माहिती होती. ८ जुलै २००४.

तृप्तीने त्या माणसावर फोटो मोठा केला. खूप मोठा केल्यावर चेहऱ्याचे चौकोन झाले. थोडा लहान केला. मग ती उठून बाहेरच्या खोलीत गेली आणि वाल्मीकला बोलावून आणलं.

“हा तोच ना?” वाल्मीक म्हणाला.

“तोच.”

“पण तारीख तर होती पानावर. आपण सगळ्यांनी वाचली.”

“ती फोटो टाकल्याची होती. काढल्याची नव्हती.”

“मग तू काढल्याची म्हणून का सांगितलीस?”

वाल्मीकने उत्तराची वाट पाहिली नाही. “त्याला कळवायला हवं,” तो म्हणाला. बहिरूकडे फोन नव्हता. तृप्तीने सुरगाण्याला संतोषशेठच्या दुकानात फोन लावला. शेठ म्हणाला, बहिरू परत आलेला नाही, चांदवडच्या बाजूलाच फिरतो आहे, पोरगी काकाकडे आहे. आणि हसत म्हणाला, “तुमच्या कॅलेंडरनं तर चमत्कार केला, मॅडम. सगळा गाव जुलैचं पान बघायला येतोय.”

“आला की मला फोन करायला सांगा.”

“सांगतो. काही चांगली बातमी?”

“फोन करायला सांगा.”

फोन आला नाही. बाकीच्या दिवसांत तृप्तीने एका लग्नपत्रिकेचं आणि एका पतसंस्थेच्या अहवालाचं काम केलं. रुंद फोटोची एक प्रत काढून टेबलाच्या खणात ठेवली. तोंडाच्या दहा प्रती काढल्या नाहीत.

सोमवारी, १९ तारखेला, बहिरू अकराला आला. दाढी वाढली होती. चपला काढायच्या आत तो बोलू लागला.

“सापडला ताई, माणूस सापडला!”

“कोण?”

“चांदवडला, कांद्याची शेड हाय हायवेला. तिथला मुकादम. सहा दिवस फिरलो. लासलगावला गेलो, उमराण्याला गेलो, सगळे नाय म्हणले. ह्याला कॅलेंडर दाखवलं नि लगेच म्हणला, ही बाई इथं व्हती. गेल्या साली. दोन महिने कामाला व्हती.”

“नाव सांगितलं का त्याने तिचं?”

“नाव नाय ठावं त्याला. बायका लय असतात. पण वळखलं. म्हणला, हिरवं पातळ नेसायची, तीच ना? रोज हिरवं पातळ.” बहिरूने सुरळी टेबलावर ठेवली. “मी नाय म्हणलं व्हतं, हिरवं पातळ दुसऱ्यानं दिलं? त्येच निघालं. आता ती तिथून कुठं गेली त्येवढं कळलं पाहिजे. तो म्हणला, मालेगावच्या बाजूला एक टोळी गेली. तुमचे फोटो घेऊन मी उद्याच जातो.”

वाल्मीक बाहेरच्या खोलीतून दारात येऊन उभा राहिला.

तृप्तीने खण उघडला, रुंद फोटो काढला आणि टेबलावर त्याच्यापुढे ठेवला.

“काका, हे आधी बघा.”

बहिरूने फोटो हातात घेतला. बायकांवरून त्याची नजर गेली आणि मागच्या बैलजोडीवर थांबली.

“हा मोऱ्या,” तो म्हणाला. “हा डावीकडचा. शिंग मोडलेलं. आखाजीला मेला.”

“कुठल्या आखाजीला?”

“ती गेली त्या वर्साच्या.” त्याने फोटो जवळ नेला, लांब धरला. “हा मी हाय.”

“हो.”

“ही आमची भाताची आवणी. हे आमचंच शेत. ही लताबाई, ही चिमणाबाई, भावाची बायको. ही...” तो थांबला. “हा आधीचा हाय.”

“२००४ चा. मी तुम्हाला सांगितलेली तारीख चुकीची होती. ती कुणीतरी हा फोटो कापून नेटवर टाकल्याची होती. मी खालपर्यंत वाचलं नाही. चूक माझी आहे.”

बहिरूने मान हलवली, पण ते ऐकल्यासारखी नव्हे. तो फोटोतल्या कुसाबाईकडे पाहत होता.

“इथं निळं हाय.”

“हो.”

“हे निळं मीच घेतलं व्हतं. वणीच्या जत्रेत. मग तिथं हिरवं कसं?”

“मी केलं,” तृप्ती म्हणाली. “कॉम्प्युटरवर. कंपनीला हिरवा रंग हवा होता.”

“तुम्ही केलं.”

“हो. त्या दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.”

खाली मेडिकलपुढे एक टेम्पो मागे घेत होते आणि कुणीतरी येऊ दे, येऊ दे म्हणत होता.

“मग तो चांदवडचा,” बहिरू म्हणाला, “हिरवं म्हणला तो?”

“त्याच्यासमोर कॅलेंडर होतं.”

“खोटं बोलला?”

“माहीत नाही. त्याला वाटलं असेल तसं. किंवा तुम्हाला नाही म्हणवलं नसेल.”

“मी हात जोडले व्हते त्याला,” बहिरू म्हणाला. “असंल तसं.”

वाल्मीकने कुणाला न विचारता खाली चहा सांगितला. चहा आला, बहिरूने तो बशीत ओतून प्यायला. मग कॉम्प्युटरकडे बोट केलं.

“ह्याच्यात दुसरा हाय का? ह्या फोटोच्या नंतरचा?”

“बघते.”

तृप्तीने खुर्ची त्याच्याकडे सरकवली. दोघं पडद्यापुढे बसली. तिने सुरगाणा टाकलं, मग पिंपळगाव, चांदवड, मालेगाव, कांदा, द्राक्ष, मजूर, बाई. यादी लांबावी म्हणून खुणाही काढून टाकल्या. चेहरा दिसला की ती मोठा करायची. बहिरू म्हणायचा, नाय. पुढचा. नाय. एकदा तो पुढे वाकला आणि बराच वेळ पाहत राहिला, मग म्हणाला, ही म्हातारी हाय. कुसाबाई आणखी चार ठिकाणी सापडली. परदेशातल्या एका शाळेच्या पुस्तकात, हवामानावरच्या एका लेखात, कुठल्याशा बँकेच्या पानावर आणि एका ठिकाणी खाली नेपाळ लिहून. चारही वेळा तोच फोटो होता, तीच जुडी, तीच वळलेली मान. कुणी तो काळा-पांढरा केला होता.

“हे काढून टाका म्हणलं तर?” त्याने विचारलं.

“आमच्या कॅलेंडरमधून पुढच्या वर्षी जाईल. नेटवरून जात नाही. ज्याने काढला त्याने सगळ्यांना वापरू दिलाय. एकदा दिलं की परत घेता येत नाही.”

“तिला इचारलं असंल का त्यानं?”

“माहीत नाही.”

पाऊण वाजता यादी संपली. शेवटच्या पानावर विहिरींचे आणि देवळांचे फोटो होते.

“नाय म्हंजे नाय असं धरायचं का?” बहिरूने विचारलं. “ह्याच्यात नाय म्हंजे ती नाय?”

वाल्मीक दारातून म्हणाला, “तसं नाही हो बाबा...”

“तसं नाही,” तृप्ती म्हणाली. “यात नाही म्हणजे कुणी तिचा फोटो काढून टाकलेला नाही. एवढंच. त्यावरून काही कळत नाही.”

बहिरू पडद्याकडे बघत राहिला.

“मला वाटलं व्हतं ह्याच्यावरून कळंल.”

“नाही कळत.”

“बरं.”

त्याने हात मांड्यांवर पुसले. मग विचारलं, शेठच्या दुकानात फोन लावून मिळेल का? तृप्तीने नंबर फिरवून रिसीव्हर त्याच्याकडे दिला. तो रिसीव्हर कानापासून जरा लांब धरून मोठ्याने बोलला, डोंगरापलीकडे बोलल्यासारखा.

“शेठ, बहिरू बोलतो... हां. नाशिकातून... मंगळूला निरोप द्या. दिवस घाल म्हणावं. येत्या रविवारी... नाय. नाय सापडली... तो फोटो जुना निघाला. आमच्याच आवणीतला... हां. तांदूळ घरचा हाय. तेल-मीठ तेवढं आण म्हणावं, मी येऊन देतो... निकिताला तुम्ही नका सांगू. मी येतो संध्याकाळपर्यंत, मी सांगतो.”

त्याने रिसीव्हर ठेवला. तृप्ती म्हणाली, रुंद फोटो घेऊन जा. त्याने तो उचलला, पाहिला आणि परत ठेवला.

“तिचा एकटीचा हाय का ह्याच्यातला? निळ्या पातळातला?”

“काढून देते. दहा मिनिटं लागतील.”

“दिवसाला पुढं ठेवाया पाहिजे.”

तृप्तीने मूळ फोटो उघडला. कुसाबाईभोवती चौकट ओढली. मागच्या बैलाचं तोंड चौकटीत येत होतं. चौकट थोडी आत घेतली तर तिच्या हातातली रोपं तुटत होती. तिने बहिरूला विचारलं, बैल राहू देऊ की काढू?

“राहू द्या,” तो म्हणाला. “काय काढू नका.”

प्रिंटर गरम व्हायला वेळ घेत होता. बहिरू खुर्चीत बसून राहिला. सुरगाण्याची गाडी अडीचला होती.